ठोक्यांशिवायची गाणी

(सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा हॉल. दुपारचे चार. गावोगाव फिरणाऱ्या रॉक बँडचा गायक, दादा, आणि त्याची ड्रमर बहीण, धाकटी, मागच्या बाकावर बसलेत. स्टेजवर इथलीच एक मुलगी ड्रम वाजवून बघतेय.)

दादा : पण दुखतंय नेमकं कुठलं? काल डावं मनगट म्हणालीस, आज उजवं चोळतेयस.

धाकटी : दोन्ही दुखतात. आळीपाळीने.

दादा : हे पाचवं गाव. प्रत्येक गावात तालमीच्या वेळी तुझं मनगट धरतं, तिथल्या बँडचा ड्रमर तुझ्या जागेवर बसतो, आणि संध्याकाळी तू ठणठणीत.

धाकटी : मग बरंच आहे की.

दादा : परवाच्या त्या दाढीवाल्याने आपलं गाणं असं बडवलं की मलाच ओळखू येईना. मी जाऊन त्याला विचारलं, तुमचंच का हे?

धाकटी : आणि ही कशी वाटली?

दादा : चांगली आहे. मघाशी दुसऱ्या कडव्यात मी नेहमीसारखा पुढे पळालो, तर तिने कान धरून जागेवर आणलं मला. तू आणतेस तसंच.

धाकटी : हं.

दादा : हं काय?

सायकलवाली (खालच्या दुकानाची मालकीण, जिना चढून येत) : आवाज पुरे का? खाली दुकानात टांगलेली चाकं आपोआप फिरायला लागलीत.

दादा : पुरे, पुरे. बाई, हॉल तुमचा, साउंडही तुम्हीच बघणार, दारात तिकिटंही तुम्हीच फाडणार?

सायकलवाली : टाळ्यांची सुरुवातही मीच करणार. एरवी किती लोक येतात तुम्हाला ऐकायला?

दादा : खरं सांगू? मागच्या गावात नऊ. त्यातले पाच तिथल्या बँडचे. ते वाजवताना आम्ही तिघं समोर उभे, आम्ही वाजवताना ते पाच. उरलेल्या चौघांतला एक हॉल चुकला होता. पण भिडस्त माणूस, शेवटपर्यंत थांबला बिचारा.

सायकलवाली : आज चाळीस तरी येतील. माझ्या भाचीने सगळीकडे सांगून ठेवलंय. ती काय, ड्रमवर बसलीय ती. तीन आठवडे डोकं उठवलंय तिने आमचं. हातात पाना, कानात तुमची गाणी. ताईंनी पाठवली ना ती, ठोक्यांशिवायची.

दादा : कसली?

सायकलवाली : ड्रम काढून टाकलेली. म्हणजे वरून हिला वाजवता यावं. चौदाच्या चौदा. तुम्हाला माहीत असेलच.

धाकटी : त्याला नव्हतं माहीत.

सायकलवाली : अगं बाई. मी जाते खाली. एक पंक्चर अर्धवट राहिलंय.

दादा : चौदाच्या चौदा.

धाकटी : सांगणारच होते.

दादा : कधी?

धाकटी : पहिल्या गावात. मग म्हटलं दुसऱ्या गावात सांगू.

दादा : म्हणजे मनगटबिनगट काही नाही. तू माझ्यासाठी स्थळं बघत हिंडतेयस.

धाकटी : तसंच समज. पाचांत हीच एक तुला सांभाळून घेईल.

दादा : तो दाढीवालाही स्थळच होतं?

धाकटी : तो पत्रिकेतच बाद झाला.

दादा : आणि तू कुठे चाललीस?

धाकटी : शाळेत. सोमवारपासून गणित शिकवणार आहे. परीक्षा पास झाले.

दादा : कुठली परीक्षा? अभ्यास कधी केलास?

धाकटी : दोन वर्षं. व्हॅनमध्ये, तुझ्या मागच्या सीटवर.

दादा : मला वाटायचं तू शब्दकोडी सोडवतेस.

धाकटी : कंपास घेऊन?

दादा : वा. आणि मी त्या मुलाखतीत दीड पान सांगितलं होतं, की मी माणसांकडे फार बारकाईने बघतो, म्हणून मला गाणी सुचतात.

धाकटी : ती मुलाखत कुणी वाचली नाही, काळजी करू नकोस.

दादा : माझा कंटाळा आला का गं तुला?

धाकटी : तुझा नाही रे. बडवण्याचा. चौदा वर्षांची होते. तू म्हणालास, बस इथे, दुसरं कुणी मिळत नाहीये. बसले. उठायचं राहून गेलं.

दादा : खरंच मिळत नव्हतं कुणी.

धाकटी : माहितीये मला.

दादा : फार वाईट वाटतंय मला. काहीतरी विनोद करावा म्हणतो, तर तोही सुचत नाहीये.

धाकटी : नको करूस. बरं वाटतंय उलट.

दादा : तू नसशील तर बंदच करतो मी हे. बेसवाला तर व्हॅनमध्ये झोपलाय. त्याला कळायलाच सहा महिने लागतील.

धाकटी : तू हेच म्हणणार, म्हणून तर पाच गावं हिंडले. तुला बंद करू द्यायचं असतं तर घरूनच फोन केला असता.

दादा : ही येईल आपल्याबरोबर? हिला दुकान आहे, मावशी आहे.

धाकटी : पुढच्या महिन्यापासून मोकळी आहे. मी विचारलंय.

दादा : सगळंच विचारलंयस. मला सोडून.

धाकटी : हो. चुकलं माझं. तुला विचारलं असतं तर तू हसवलं असतंस, आणि मी राहिले असते.

दादा : तिला सांगून ठेव, चौथ्या गाण्यात मी शब्द विसरतो. तेव्हा जरा जोरात वाजवायचं.

धाकटी : ते सगळ्यात आधी सांगितलंय.

दादा : आज शेवटचं तरी तू वाजवशील ना?

धाकटी : नाही. आज सगळं तीच वाजवेल. मी समोर बसणार आहे.

दादा : शेवटच्या दिवशी?

धाकटी : दादा, सोळा वर्षं मी तुझी पाठ बघतेय. कुठल्या गाण्याला तुझा शर्ट कुठपर्यंत भिजतो, तेसुद्धा सांगेन. गाताना तुझं तोंड कसं दिसतं, हे मला माहीतच नाही.

दादा : फार वेडंवाकडं होतं. आई विचारायची, दाढ दुखतेय का म्हणून.

धाकटी : असू दे. बघायचंय.