उर्वशीचे हिरवे डोळे

राळेगावहून सुटलेल्या एसटीत म्हाताऱ्या मथुराबाईला डुलकी घ्यायची होती, पण पुढच्या सीटवरच्या दोन पोरींचं खिदळणं काही थांबत नव्हतं.

"हिरवे लेन्स? उर्वशे, मांडवात मांजर उभी हाय म्हनतीन!"

"म्हनू दे, नयन. निकिताताईनं आपल्या लग्नात घातल्ते, थेच मले देल्ले."

"तिच्या डोळ्यातले? बावळट, दुसऱ्याचे घालत नसतात. डॉक्टरले दाखवून आपल्या मापाचे घ्या लागते."

"धुऊन देल्ले तिनं. नळाच्या पान्यानं."

"मेली तू! त्याचं औषधाचं पानी वायलं राह्यते. म्हनूनच पाठवणीच्या टायमाले तिचे डोळे टमाट्यावानी लाल झाल्ते."

"अन् सारं गाव काय म्हने? पोरीले मायबापाची केवढी माया!"

"मंग दवाखान्यात डोळ्याले पट्टी बांधून बसली, थे नाही सांगत कोनी."

"मले थेच पाह्यजे."

"पट्टी?"

"लाल डोळे, वं! परवा माही पाठवणी, अन् मले रडूच येऊन नाही राह्यलं. आरशासमोर रडाले बसली, तं नवरदेव अमर आठवला अन् हसूच फुटलं. लोकं काय म्हनतीन?"

मथुराबाईला राहवेना. ती पुढं वाकली.

"काय म्हनतीन? माह्या पाठवणीले मी रडली रडली, तं कोन्या लोकानं माहे डोळे पुसले? फेक थे लेन्सची डबी!"

उर्वशीनं फेकलेली डबी खिडकीतून थेट सोयाबीनात गेली.

"अन् आजी, रडू नाहीच आलं तं?"

"तं हसत जाय. कोनाच्या बापाचं काय जाते? अन् मले जेवाले बोलाव."