टॅन्सी कुठं शेण टाकंल

—आवो हसताय काय, पावणं? शेणच म्हनलो मी. शेण! मैदानावर चुन्यानं शंभर चौकोन आखल्यात, चौकोनाला एक चिठ्ठी, आन ही माझी गाय टॅन्सी मोकळी सोडल्याली. जिथं ती शेण टाकंल तो चौकोन जिंकला. गावच्या हॉलचं छप्पर गळतंय, त्याला पैसा पायजे. छप्पर गळलं की शहरात काय करता वो तुमी? अर्ज करता. आमी गाय सोडतो.

चिठ्ठी घेतली का? घेतली? मग ऱ्हावा उभं गुमान. बक्षीस? पबात रविवारचं जेवण, दोघांचं — बटाटं, पुडिंग, आन भाजल्यालं — ते नाव टॅन्सीम्होरं काढायचं न्हाई. काय? हळू बोलू? हळूच बोलतोय की मी.

ती बाई दिसली का, चहाच्या टेबलाशी, निळा ॲप्रन? मावीस. नवरा जाऊन सा वरसं झाली. गेल्या साली ह्याच जत्रंत तिच्या लिंबाच्या केकला दुसरा नंबर दिला भाडखावानं, माझं डोस्कं फिरलं, परीक्षकाचं टेबलच उलटं केलं म्या. केकसकट. व्हय, तिच्याबी केकसकट! तवापास्नं बोलत न्हाई माझ्याशी. माफी? न्हाई येत मला ते. तोंड उघडलं की शिवीच भाईर पडती, काय करू?

म्हनून सत्तेचाळीस नंबर तिला — न्हाई, तिनं आपसूक घेतला. चिठ्ठ्या इकनाऱ्या आमच्या चर्चच्या पाद्रीबाईकडनं. आता पाद्रीबाईच्या हातात ती चिठ्ठी सगळ्यात वर कुनी ठिवली, ते इचारू नका. मीच ठिवली! आन पंधरा दिस झालं, रोज दुपारी तीनला सत्तेचाळीसवर सलगमाचं घमेलं ठिवतोय. खाती आन तिथंच टाकती, येकदाबी चुकली न्हाई. पाद्रीबाईला शपथ घेऊन सांगितलंय, गाईला कायबी शिकवल्यालं न्हाई म्हनून. तुमी बोलाल तर बघा! मावीस जिंकली तर जेवायला नेनार कुनाला? भईन हाय तिची, ती लांब, यायची न्हाई. मग? मग कोन उरलं गावात? कोट घासून टांगलाय म्या कालच.

तीन वाजलं. निघाली बघा! कशी चाललीया, राणीच जनू — तीस — चाळीस — आवो छत्री! ती तुमची लाल छत्री मिटा! दोन थेंबाला भिता काय — फडफडतीया ती — गाय थांबली. बिचकली. वळली. ए टॅन्सी! तिकडं न्हाई गं बये, हिकडं, हिकडं ये —

टाकलं.

बारावर. बारा कुनाचा? बारा कुनाचा रं? ...दाखवा ती चिठ्ठी. तुमची? तिच्यायला, तुमचीच!

घ्या, जेवा पोटभर. जावा. — आन हे काय, चिठ्ठी मला देताय? नको मला. दया नका दाखवू माझ्यावर, माझ्या खिशात कोंबताय काय, ठेवा म्हनतो ना तुमच्या खिशात! दोन ताटं घेऊन मी येकटा काय करू, टॅन्सीला नेऊ? कुनाला इचारू? तिला? तोंडानं? हॅ!

...थांबा. येतीया. कप घेऊन हिकडंच येतीया. दोन कप. हसती का ती? समदेच हसायल्यात, पाद्रीबाईबी — आवो, मी हळूच बोलत होतो न्हवं? सलगम, घमेलं, कोट — समदं ऐकलं व्हय मैदानानं?

ती चिठ्ठी द्या हिकडं. द्या! कॉलर सरळ हाय का माझी? आन तुमी अजून हितंच? तिकडं चेंडू मारून नारळ पाडायचा खेळ हाय, जावा, पाडा. जावा की वो, च्यायला — जावा!