भाडेकरूने केलेला प्रकल्प चालणार नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, गावाचे माजी सरपंच आणि माझे सासरे माननीय हैबतराव आबा. मुख्याध्यापक विठ्ठलराव सर. ज्यांच्या निरोपासाठी आपण सगळे जमलो त्या सत्कारमूर्ती साधना शेडगे बाई. ज्यांची खुर्ची व्यासपीठावर आहे पण जे स्वतः अजून हिंजवडीच्या चौकात आहेत ते आदरणीय प्रमुख पाहुणे. सर्व शिक्षकवृंद, पालक, भाडेकरू बंधू-भगिनी आणि पुढे सतरंजीवर चुळबुळ करणाऱ्या माझ्या बाळगोपाळांनो,

मी शारदा, शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. आत्ता सरांनी कानात सांगितलंय की पाहुणे येईपर्यंत बोलत राहा. कंपन्या सुटायची वेळ झालीय, म्हणजे दोन शब्दांत काही भागत नाही. तेव्हा हाफीजभाई, चहा एवढ्यात फिरवू नका. तो लोकांना नंतर जास्त लागणार आहे.

शेडगे बाई पौडहून स्कूटरवर यायच्या. पावसाळ्यात रेनकोट, उन्हाळ्यात स्कार्फ, आणि बाराही महिने तोंडात एकच प्रश्न, "का?" फळा काळा का, चपाती फुगते का, तू उशिरा आलास का. पोरं घरी येऊन तेच आम्हाला विचारायची आणि आमच्याकडे उत्तर नसलं की आम्ही त्यांना अभ्यासाला बसवायचो.

आता बाहेरच्या लोकांना आमच्या मारुंजीची एक रीत माहीत नसेल. आमच्याकडे खोली बघायला कुणी आलं की घरमालक दोन गोष्टी विचारायचा. पहिली, लग्न झालंय का. दुसरी, पोरांच्या विज्ञान प्रदर्शनाला मदत कराल का. पहिलीचं उत्तर कसंही आलं तरी चालायचं. दुसरीला "हो" म्हणाला तर त्याला गॅलरीची खोली, "बघू" म्हणाला तर जिन्याखालची. यात कुणाचं काय चुकलं, सांगा? पोराला कल्पना सुचत नाही, आईबापाला सुचत नाही, आणि वरच्या मजल्यावर इंजिनिअर बसलेला आहे. माणूस वरच बघणार ना?

पण गेल्याच्या गेल्या वर्षी घोटाळा झाला. सहावीतल्या निम्म्या पोरांचे भाडेकरू नेमके एकाच कंपनीतले निघाले. ते दुपारी एकत्र जेवतात हे आम्हाला काय ठाऊक! प्रदर्शनाच्या दिवशी बघतो तर भिंतीला लागून ओळीनं कचऱ्याचे डबे. हात जवळ नेला की झाकण आपोआप उघडणारे. बाई पहिल्या बाकापासून चालत निघाल्या आणि एकामागून एक झाकणं उघडत गेली. एखाद्या मंत्र्यालाही अशी सलामी मिळाली नसेल.

बाई माझ्या लेकीपाशी, जुईलीपाशी थांबल्या आणि विचारलं, झाकण कसं उघडतं? जुईली म्हणाली, "ते रेश्माताईला माहितेय, पण तिची मीटिंग चालू आहे." रेश्मा म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू. पुढे आयान होता. त्यानं प्रश्न ऐकला, खिशातून मोबाईल काढला, वरच्या काकांना फोन लावला आणि सरळ बाईंच्या हातात दिला. बाई काकांशी नीट बोलल्या. जेवण झालं का, तेही विचारलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं, "पुढच्या वर्षीपासून भाडेकरूने केलेला प्रकल्प चालणार नाही." साऱ्या गावात खळबळ उडाली. टाक्या कोरड्या पडल्या तेव्हासुद्धा एवढी माणसं शाळेत आली नव्हती. आम्ही बाईंना विचारलं, मग कल्पना आणायची कुठून आणि मदत मागायची कुणाला?

बाई म्हणाल्या, "मदत कुणालाही मागा. विचारायला बंदी नाही, करून घ्यायला आहे. आणि कल्पना पाहिजे असेल तर घरात रोज ज्यावरून भांडण होतं तिथं शोधा. दोन माणसं छातीठोकपणे दोन गोष्टी सांगतात ना, तिथं मोजण्यासारखं काहीतरी असतंच."

भांडणं शोधायची वेळ आमच्यावर कधी येत नाही, ती आपली पायाशीच असतात. जस्मीनच्या घरी तिची आजी जोहराबी म्हणायच्या कपडे गच्चीतच लवकर वाळतात, आणि सून म्हणायची पंख्याखाली. जस्मीननं दोन सारखे टॉवेल घेतले आणि दोघींना कामाला लावलं. त्या घरात आठवडाभर इतकी शांतता होती की शेजारणी चौकशीला गेल्या.

आमच्या घरचं भांडण पाण्याचं. आबा, तुम्ही पाणी प्या, अजून वेळ आहे. तर सकाळी भरलेली टाकी दुपारच्या आत खडखडीत. आबांचं ठाम मत, तिसऱ्या मजल्यावरच्या पोरी पाणी संपवतात. लांब केस, रोज धुतात, दुसरं काय? रेश्मा वाशिमची, सोबत दोन मैत्रिणी. त्या बिचाऱ्या बादली मोजून वापरायच्या तरी बोल त्यांच्यावरच. शेवटी आबांनी त्यांना सांगून टाकलं की दिवाळीनंतर दुसरी खोली बघा.

आमची जुईली त्या रेश्माच्या मांडीवर बसून इंग्रजी शिकलेली. ती आबांशी बोलेनाशी झाली. मी समजावलं, मोठ्या माणसांच्या व्यवहारात पडू नये. तिनं ऐकून घेतलं आणि बाईंकडे जाऊन प्रकल्पाचं नाव दिलं, "आमच्या टाकीतलं पाणी कोण संपवतं?"

टाकीवर चढायचं नाही असा माझा दम होता. मग आतलं पाणी कळणार कसं? तिनं बाईंना विचारलं. शेजारच्या बांधकामावर गवंडी दोन भिंतींची पातळी एक कशी काढतात ते बघून ये म्हणाल्या. ही गेली, बघितलं, आणि पारदर्शक नळीचा तुकडा मागून आणला. तिच्या बापानं ती टाकीच्या खालच्या नळाला जोडून बाजूनं उभी बांधली. टाकीत जेवढं पाणी, तेवढंच नळीत. खुणा करायला रेश्माची लाल नेलपॉलिश घेतली. भाडेकरूची मदत म्हणाल तर तेवढीच, आणि बाईंनी ती मान्य केली.

तोवर दिवाळी आली. दिवाळीत आमचं गाव कसं होतं ते तुम्ही जाणता. वाशिम, लातूर, जळगाव, जो तो आपल्या गावी. हिंजवडीच्या रस्त्यावर तेव्हा क्रिकेट खेळता येतं. आमच्या बिल्डिंगीत तिन्ही मजल्यांना कुलपं, राहिलो फक्त आम्ही. जुईली सकाळी गच्चीवर जाऊन नळीसमोर बसली. आणि पाणी उतरायला लागलं. लाल खुणा एकेक करून उघड्या पडल्या. पोरींचे केस तिकडे वाशिमला, आणि टाकी इकडे रिकामी!

तिनं कठड्यावरून मागच्या बाजूला वाकून बघितलं. मागे आमचा गोठा. गोठ्यात आबांची म्हैस, चंद्री. चंद्रीच्या पाठीवर पाइप सोडलेला, नळ पूर्ण चालू, चंद्री डोळे मिटून उभी. आणि आबा? आबा आत माझ्यासमोर बसून चहा पीत होते, आणि भाडेकरू पाणी कसं नासतात ते मला समजावून सांगत होते.

आता मंडळी, ज्यांच्यासमोर मी घरात आवाज चढवत नाही त्यांच्याबद्दल माइकवरून बोलायची पाळी आलीय. पाहुण्यांनी वेळेवर यायला हवं होतं.

घरात चर्चा सुरू झाली. प्रदर्शनाचं उद्घाटन आबांच्याच हस्ते. जुईलीचे वडील म्हणाले, निष्कर्षात "काही अपरिहार्य कारणांमुळे" असं लिहू. जुईली म्हणाली, तसं बाई चालवून घेणार नाहीत. मग मीच बाईंकडे गेले. म्हटलं, बाई, पोर लहान आहे, आबांचं नाव तेवढं नको. बाई म्हणाल्या, "नाव नको असेल तर नका लिहू. म्हैस लिहा. पण तिसरा मजला लिहायचा नाही."

उद्घाटन झालं. आबा फेटा बांधून एकेक तक्ता बघत जुईलीपाशी आले. मोठ्या अक्षरात लिहिलेलं, निष्कर्ष : पाणी म्हैस संपवते. आबांनी चष्मा पुसला आणि परत वाचलं. मी खांबाच्या मागे गेले.

आबांनी विचारलं, "ही म्हस कुनाची?"

जुईली म्हणाली, "आबा, आपल्या आळीत म्हैस एकच ऱ्हायलीय."

आबा तक्त्याला बांधलेल्या त्या नळीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "दिवाळीत मोजलंस?"

"व्हय."

"पोरी गावाला गेल्या व्हत्या?"

"व्हय आबा. समदी बिल्डिंग बंद व्हती."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे, म्हणजे खांबाकडे बघून म्हणाले, "शारदे, त्या पोरींला सांग, कुटं जायचं न्हाई. आन् पायपाला चावी बसवून घ्या."

मंडळी, पंधरा वर्षं सरपंच राहिलेला माणूस भरल्या सभेत नातीचं ऐकतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मी खांबामागे डोळे पुसले. आबा, ते मी तुम्हाला कधी बोलले नाही, आज बोलते.

पुढे तो प्रकल्प तालुक्याला पौडला गेला. तिथं पहिला नंबर कुणाला मिळाला माहितेय? झाकण आपोआप उघडणाऱ्या कचऱ्याच्या डब्याला. आम्ही तोंडं पाडून बसलो. बाई मात्र येताना पेढे घेऊन आल्या, आणि रेश्माच्या हातावर पहिला पेढा ठेवून म्हणाल्या, आपला निकाल दिवाळीतच लागला.

ती रेश्मा बघा तिथं, खिडकीपाशी बसलीय. आमच्याकडेच राहते. टाकी संध्याकाळपर्यंत पुरते. चंद्री थोडी नाराज असते.

बाई, तुम्ही जाताय याचं मला खरोखर वाईट वाटतंय. आमची पोरं हुशार होतीच हो, पण ती वर बघत होती, तुम्ही त्यांना आजूबाजूला बघायला लावलंत. नव्या बाई येतील, त्यांना आमची विनंती राहील की फळ्यावरचं ते वाक्य पुसू नये.

सर खूण करतायत, पाहुणे फाटकाशी आले वाटतं. आता आवरतं घेते. अध्यक्षमहाराजांनी हे सगळं समोर बसून ऐकून घेतलं, त्यांचे आभार. घरी गेल्यावर काय ते बघून घेऊ. हाफीजभाई, आता चहा सोडा.

एकच सांगायचं राहिलं. काल रेश्मा म्हणाली, काकू, तुमचं भाषण मी कॉम्प्युटरवर करून देते. करून दिलंही. फार सुंदर होतं, त्यात ज्ञानाचा दिवा होता, वटवृक्ष होता. म्हैस तेवढी नव्हती. ते मी घरी ठेवून आले, कारण बाई समोर बसणार आणि विचारणार, हे कुणाच्या डोक्यातून आलं? तर बाई, माझ्याच. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर सगळ्यांनी पोटात घाला. त्या चुका माझ्या आहेत, भाडेकरूच्या नाहीत.