विमानाच्या पंखांवरच्या सुरकुत्या

तुम्ही हसाल, पण एका खेळण्यातल्या विमानापायी माझी झोप उडाली होती. भावानं हैदराबादहून त्याच्या काड्या, कागद, रबर सुटं पाठवलेलं, आणि मी लेकीला कबूल करून बसले, "उडवून दाखवते." मॅट्रिक झालेली मी, जोडलं, पण पंखांवरचा कागद सुरकुतला.

सासूबाई म्हणाल्या, "तुझ्यानं व्हायचं न्हाय."

मग तर करायचंच! विमान नि लेकीला घेऊन उमरग्यातल्या पतंगवाल्या चाचांकडं गेले. त्यांनी तोंडात पाणी घेऊन पंखांवर फुर्रकन फवारलं.

"चाचा, फाटंल की!"

"सबर करा बाई. कागद वाळला की तबल्यावानी ताठ व्हतो."

झालाही. घरी येऊन रबराला पीळ देऊन सोडलं, तर विमान अंगण ओलांडून थेट सासूबाईंच्या मांडीवर! त्याही हसल्या.

लेकीनं त्यांच्या गालांकडं नीट बघितलं, पाण्याचा तांब्या उचलला आणि म्हणाली, "आजी, हलू नको. तुझ्याबी काढते."