ठमाआजीची पाटी

इंग्रजी स्पेलिंगांना हसताय ना, मग आमच्या ठमाआजीचं ऐका. बारावीत असताना मी डोळखांबजवळच्या आमच्या पाड्यात बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायचे. माझा इंग्रजीचा पेपर तोंडावर आलेला. एकदा वर्गातच वैतागून म्हणाले, "नाइफ लिहिताना आधी के लिहायचा, आणि तो बोलायचाच नाही! याला काय अर्थ आहे?"

बाया हसल्या. आजी म्हणाली, "त्यात काय नवल गो? आमच्या मालकांचं नाव पन तसंच. लिवायचं, पन बोलायचं नाय."

मालकांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तिने पाटी पुढे केली. वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलेलं मी मोठ्याने वाचलं, "काळूराम."

आजी हळूच म्हणाली, "आजून एकदा वाच ना गो."