गाऱ्यातलं तूस

नाही ताई, एस्तेरचं घर हे नाही, ते पुढं – पण बसा घटकाभर, खांडबाऱ्याहून जीपमध्ये कोंबून आलात, पाणी तरी प्या. माठातलं आहे. तिचं बघून नाही ठेवला माठ, मला आपलंआपणच सुचलं. आधी मी बाटल्या ठेवायचे – शहरातल्या माणसांना बाटलीच लागते असं वाटायचं – मग रिकाम्या मागं जाळायच्या, आणि माझी रिना, चार वर्षांची, त्या धुरानं खोकून खोकून बेजार. दवाखान्यातली बाई मला बोलली. तेव्हापासून माठ.

एस्तेर माझी मोठी जाऊ. दोघींनी एकाच वर्षी पाहुणे ठेवायला घेतले. आमच्या ह्यांनी कुडाच्या भिंती पाडून सिमेंट केलं, वर पत्रे, खाली फरशी – गावातली पहिली फरशी आमची. तिला जमलं नाही, म्हणून तिचं मातीचं राहिलं. एवढंच. त्यात अक्कल कसली, नाइलाज होता. आणि आता लोक तिथं फोटो काढतात. पंखा लागत नाही म्हणे. नाहीच लागत, मला माहीत आहे ना – माझीच पोर जेवली की तिकडं पळते. आई इथं, पंखा इथं, आणि ही तिथं झोपणार, भिंतीला पाठ लावून.

तिनं मोरीचं पाणी केळींना सोडलं – तिच्या चार केळी, मी सहा लावल्या. तिनं पळसाच्या पत्रावळींवर वाढायला घेतलं, मी प्लास्टिकच्या ताटल्या बंद केल्या. लोक म्हणतात, दोघी जावा सुधारल्या. मी नाही सुधारले ताई, मला बघवत नव्हतं.

बघू तुमच्या फोनमधला फोटो, एस्तेरनं पाठवलेला. हां, हीच भिंत. ही मीच लिंपते, दर वर्षी – ती नवापुरात वाढलेली, तिला लिंपायचा मातीचा गारा कुठला जमतोय. पण पाहुण्यांना सांगते का ती कधी – काय? माझं नाव? तुम्हालाही सांगितलं? फोनवर?

हे नव्हतं मला माहीत.

ही रेघ कसली, कोपऱ्यात? भेग आहे. कधी पाठवला हा फोटो – सकाळी? यंदा गाऱ्यात तूस राहिलं घालायचं. विसरले मी. नाही – विसरले नाही. भाताचं तूस पोतंभर होतं घरात. त्याच्याशिवाय गारा वाळला की तडकतो, मग खपली सुटते, हे आमच्याकडं लहान पोरीलाही कळतं. वाटलं, तडकू दे एकदा, फोटोत दिसू दे. एवढंच वाटलं, ताई, दुसरं काही नाही. सुटली तर अशी मोठी सुटते – परातीएवढी –

किती वाजले? दोन?

उठा. पाणी राहू द्या. त्या केळींवरून डावीकडं वळा, कुणाला विचारायची गरज नाही. रिना झोपली असेल तर तेवढी उठवा, भिंतीपासून लांब घ्या. एस्तेरला काही बोलू नका – नाही, बोलेन मीच. जा ना ताई, बघता काय. पोतं घेऊन आलेच मी.