पुढच्या सीटवरची मुशी

...नाय पण तुमीच सांगा, ही काय रीत झाली? आईशप्पथ सांगतो, ह्यातलं अक्षर न् अक्षर खरं हाय. मी खोटं बोलतच नाय. म्हणजे खोटं बोलण्यावरच माझं नाव झालंय, ते सोडा, पण आज नाय. आज फक्त एक जागा खोटी हाय, ती कुठली ते शेवटाला सांगीन, मधे विचारू नका, मी घसरतो.

तर ही रामूची जीप. मुरबाड-कल्याण. भरल्याशिवाय हलत नाय, नि भरेपर्यंत माणसं टिकत नायत! एस्टीचा भोंगा ऐकला की आतले सगळे पिशव्या घेऊन पळाले, नि रामू बसला स्टिअरिंगवर कपाळ आपटत. म्हणून त्यानं मला ठेवला. मी काळूराम. पुढची सीट, खिडकीची बाजू, भाडं नाय, आणि मागं वळून पब्लिकला गोष्ट सांगायची. कुठली? माळशेजच्या वाघाची! वाघ एस्टीच्या पायरीवर पाय ठेवतो, कंडक्टर डोकं वर न करता म्हणतो, "आत सरका, आत सरका, दारात उभं राहू नका..." इथवर आलो ना, की एस्टी येवो नायतर विमान येवो, जीपमधलं एक माणूस उठायचं नाय! कितीतरी वर्षं तो वाघ जीप भरत होता. बायामाणसं विचारायची, "काळूदादा, आज वाघ हाय ना?" मान होता हो, मान!

मग आला भावेश. माझ्याच चुलतभावाचा पोरगा. दोन हजार दोन साल असंल. बोटीवर होता म्हणे. बोटीवर काय, कांदे सोलत होता खालच्या किचनमधे! पण सांगताना कसं, "शिपवर होतो." मी जळत नाय हां. आपलं सांगतो.

बाजाराचा दिवस. माझा वाघ पायरीवर आलेला, कंडक्टर तिकिटं फाडतोय, आणि हा खिशातनं काहीतरी काढतो. काळंशार, तळहाताएवढं, तिकोनी, कडेला करवतीसारखे दाते. वर म्हणतो कसा, "काका, तुमचा वाघ चालू द्या, मी आपला हा दात दाखवतो ह्यांना."

दात! आता कोण ऐकतंय वाघ?

"शार्कचा हाय," म्हणतो. "लाखो वर्षांमागचा. मेगॅलोडॉन. साठ-साठ फूट लांब. शिकलेले लोक म्हणतात संपला. पण समुद्र खाली किती खोल हाय, कोण उतरून बघून आलंय? आमचा म्हातारा खलाशी सांगायचा..." आणि इथं त्यानं आवाज खाली घेतला. अहो, आवाज खाली घेणं हे माझं हाय! माझ्या मांडीवर बसून शिकला ना तो! सगळी जीप पुढं वाकली. मी पण वाकलो. कान देत नव्हतो, पाठ अवघडली होती.

मागं आमची लहानीबाय, सुक्या मासळीची पाटी घेऊन. तिनं तो दात हातात घेतला, उलटा केला, वास घेतला. "म्हंजे मुशीच ना रे ही? साठ फूट मुशी? आन् तिला मीठ किती लागंल?"

झालं! सगळी जीप मिठावर! कोण म्हणतो, खळ्यावर मावायची नाय. कोण म्हणतो, कल्याण रोडला एका अंगानं वाळत घाला, एका अंगानं गाड्या सोडा. एक म्हातारा म्हणाला, "अख्ख्या तालुक्याचा पावसाळा निघंल, पण कावळे कोण हाकणार?" एस्टी आली, भोंगा वाजवला, रिकामी गेली! आणि माझा वाघ? त्याचा एक पाय पायरीवर, तो अजून तसाच हाय. आजतागायत कुणी विचारलं नाय की दुसरा पाय ठेवला का!

मी जळत नाय हां. पण न्याय बघा जरा. मी आयुष्यभर थापा मारल्या, त्या सगळ्या ठाणे जिल्ह्याच्या हद्दीत. माळशेजला जा, विचारा, मला खोटा पाडा! इमानदारी हाय त्यात. आणि ह्यानं मासा ठेवला कुठं? जिथं उजेड जात नाय, पाणबुडा जात नाय, पोलीस पाटील जात नाय! मग काय, साठ फूट सांग, साठ कोस सांग! ही गोष्ट झाली का? ही तर चोरवाट झाली!

दुसऱ्या दिवशी बघतो तर माझ्या सीटवर भावेश. रामू नजर चुकवत म्हणतो, "काका, जरा मागं बसता का? त्याचं पब्लिक वाढतंय."

मागं म्हणजे कुठं? स्टेपनीवर! आणि शेजारी कोण, तर निशिगंधा मॅडम, हायस्कूलला सायन्स शिकवतात. मी हळूच विचारलं, "मॅडम, हा मासा खरंच असंल का हो अजून?" मनात म्हणतोय, नाय म्हणा, नाय म्हणा!

मॅडम म्हणाल्या, "दात खरा आहे, काका. मासाही खरा होता. पण आता नाही. त्याला लागायचं उबदार पाणी आणि मोठमोठे देवमासे खायला. खोल समुद्रात थंडी आणि उपासमार, तिथं एवढं धूड जगेल कशावर? आणि शार्कचे दात जन्मभर पडतात, नवे येतात. जिवंत असता तर पांढरे ताजे दात सापडले असते. हा बघा, पार दगड झालाय."

काय सांगू! स्टेपनीवरच नाचलो असतो. उद्या भावेशचा मासा मारायचा, आणि तो पण खरं बोलून! आयुष्यात पहिल्यांदा!

दुसऱ्या दिवशी उभा राहिलो, घसा साफ केला, सगळं सांगितलं. उबदार पाणी, देवमासे, पांढरे दात. शपथेवर खरं! तर लहानीबाय म्हणते, "काळ्या, तुला पोराचं बघवत नाय!" म्हातारा म्हणतो, "वाघाला तिकीट काढायला लावतो नि आमाला अक्कल शिकवतो!" तेवढ्यात एस्टी आली नि अर्धी जीप पळाली! रामू हात जोडून म्हणाला, "काका, पाया पडतो, खरं बोलू नका. धंदा बसंल माझा."

मग मात्र मी पेटलो. म्हणालो, ऐका! ती मुशी मेलेली नाय, ती निघालीय! कल्याणच्या खाडीतनं उल्हास नदीत, तिथनं काळू नदीला वर वर, आणि परवा पुलाखाली माझ्या वाघानं पाणी प्यायला तोंड खाली घातलं... जीप गच्च! टपावर माणसं! भावेश उठला, माझ्या पायावर डोकं ठेवून म्हणाला, "काका, ही सीट तुमचीच."

...ही ती जागा. खोटी. सीट मिळाली ती. बाकी सगळं खरं.

ती बघा जीप लागली. खिडकीशी मागं वळून कोण बसलाय, दिसतोय ना? तो मी नाय. काल मेल्यानं सांगितलं, मध्यान्हीला बोट थांबलेली, पाणी गुळगुळीत, आणि तळाला खालून काहीतरी खर्रर्र घासत गेलं... आणि तिथंच कल्याण आणलं! "मग रे?" असं कोण ओरडलं मागनं? सगळे वळून माझ्याकडंच बघायला लागले. हसतोय कसा, म्हणतो, "पुढचं उद्या, काका."

आज माझं कल्याणला काय काम नाय. भाडं भरून चाललोय. चला, चढा तुमी पण. जळत नाय मी. पण सरका जरा, स्टेपनीवरनं नीट ऐकू येत नाय.